हेच नाव ना?

स्टेडियममध्ये वडापाव विकणाऱ्या बाईला लोक काय काय विचारतात ते माझ्याकडून ऐका. बाथरूम कुठे, स्कोअर काय झाला, वडा आत्ताचा की सकाळचा, चटणी जास्त मिळेल का. याची मला सवय होती. पण स्टेडियमवाल्यांनी रोख पैसे बंद करून सगळं मोबाइलवर आणलं आणि एक नवाच प्रश्न सुरू झाला. गिऱ्हाईक काउंटरवर चिकटवलेला स्कॅनर मोबाइलने टिपायचं, पडद्यावर उमटलेलं नाव मोठ्याने वाचायचं आणि मान वर करून विचारायचं, "काकी, हेच नाव ना?"

नाव माझ्या धाकट्या दिराचं असायचं. मी म्हणायचे, "हो, हेच."

कढईसमोर मी उभी. तेल माझ्या मनगटावर उडतंय, भाजी मी घोटलेली, वडे मी वळलेले, आणि दिवसभर तोंडाने मी दिराच्या नावाला हो म्हणतेय. एक अख्खा सीझन मी हे गिळलं. गिळलं म्हणजे विसरले असं नाही. मी डूख धरणारी बाई आहे, हे माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे माहीत आहे, आणि आता पन्नाशी उलटल्यावर स्वभाव बदलायचा माझा विचार नाही.

स्टॉल मूळचा माझ्या नवऱ्याचा. सासरे गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा नवरा कॉलेजच्या वयाचा होता. त्याने कुणाकुणाच्या ओळखीने स्टेडियमच्या एका स्टँडखाली ही एवढीशी जागा मिळवली. तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून कागदावर वारस म्हणून त्याने आईचं नाव दिलं. पुढे लग्न झालं, संसार झाला, ते नाव बदलायचं काही सुचलं नाही. तो अचानक गेला, आणि जागेचा कागद माझ्या सासूच्या नावावर आला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी आणि आई, म्हणजे सासूबाई, लालबागच्या एका खोलीत राहत होतो, एका चुलीवर जेवत होतो. मॅचच्या दिवशी सकाळी त्या पाट्यावर लसणाची चटणी वाटायच्या, कारण मिक्सरमधली चटणी म्हणजे त्यांच्या मते लाल भुसा. मी आणि चाळीतल्या दोन बायका पातेली घेऊन टॅक्सीने निघायचो. पातेल्यांचा वास गाडीत राहतो म्हणून टॅक्सीवाला कुरकुर करायचा आणि उतरताना एक वडा खाऊन गप्प व्हायचा.

रोख बंद होणार असं कळलं तेव्हा, खरं सांगते, मी खूश झाले होते. स्टेडियमच्या गेटवर लोकांची नाणी काढून घेतात. कुणी चिडून मैदानात फेकू नये म्हणून. त्यामुळे आत आलेल्या माणसाच्या खिशात नुसत्या नोटा, आणि सुट्ट्यांची कायमची बोंब. माझा नवरा लिमलेटच्या गोळ्यांची बरणी ठेवायचा आणि सुट्ट्यांच्या बदल्यात गोळ्या द्यायचा. लोक शिव्या घालायचे, पण गोळी तोंडात टाकून घालायचे. एकदा एक गृहस्थ सगळ्या सीझनच्या गोळ्या पिशवीत साठवून घेऊन आले आणि म्हणाले, ह्याचे आता दोन वडापाव द्या. नवऱ्याने दिले. ही कटकट आता संपली, असं मला वाटलं.

पण स्कॅनर घ्यायचा तर बँकेत खातं लागतं आणि खात्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळावं लागतं. इथे माझी गाडी अडली. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. आमच्याकडे तशीच पद्धत होती. आडनाव तर बदललंच, पण स्वतःचं नावसुद्धा. बँकेतलं खातं नवऱ्याने त्या नव्या नावाने उघडलं. आधार कार्ड मात्र शाळेच्या दाखल्यावरून निघालं, त्यावर माहेरचं नाव. मशीनच्या लेखी मी दोन वेगळ्या बायका होते, आणि त्या दोघींची एकमेकींशी काही ओळख नव्हती.

दीर अँटॉप हिलला सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. कचेरीत कारकुनी करतो, त्यामुळे घरातली असली सगळी कामं त्याच्याकडे. रविवारी आला, चष्मा डोक्यावर सरकवून माझे कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "वहिनी, हे जुळवायचं म्हणजे गॅझेट करा, ॲफिडेव्हिट करा, लय झंझट आहे. सीझन तोंडावर आलाय. तोपर्यंत माझं अकाउंट लावू या. घरातलंच आहे ना?"

"घरातलाच आसा रे," आई म्हणाल्या. मीही मान डोलावली.

स्कॅनरबरोबर बँकवाल्यांनी एक स्पीकर दिला. टिफिनच्या डब्याएवढा, पुढे तोच स्कॅनर छापलेला. पैसे जमा झाले की त्यातली बाई मराठीत सांगायची, अमुक रुपये प्राप्त झाले. पहिल्या मॅचला तिचा आवाज ऐकून आम्ही तिघी हसत होतो. मी तर तिला उत्तर देत होते, "ऐकलं गं बाई, ऐकलं." दुसऱ्या मॅचला दिराने तिचा आवाज अगदी बारीक केला. म्हणाला, गिऱ्हाइकांना त्रास होतो. चाळीस हजार माणसं बोंबलत असतात तिथे एका डब्याचा कुणाला त्रास होणार, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मग मॅच संपल्यावर हिशेब सांगायची त्याची पद्धत सुरू झाली. मी हात धुऊन येईपर्यंत तो मोबाइलकडे बघत तोंड वाकडं करून बसलेला असायचा. "वहिनी, आज बरेच पेमेंट फेल गेले. काहींचं सेटलमेंट पेंडिंग आहे. वर चार्जेस. आज जेमतेम सामानाचा खर्च निघाला." आणि सामानापुरते पैसे तो माझ्या हातावर ठेवायचा. त्या दोन बायकांचा रोज मी कधी कधी घरातून भरला. पुढच्या मॅचला विचारलं की मागचं सेटलमेंट झालं का, तर तो म्हणायचा, "होईल, सिस्टीम आहे ती."

सेटलमेंट. या शब्दाचा मला अजून राग येतो. मी म्हणायचे, अरे, पातेलं तर तळापर्यंत खरवडलं आम्ही, मग खर्चच कसा निघतो? तो हसायचा. "ऑनलाइनमध्ये असं नसतं वहिनी, तुम्हाला नाही कळायचं." दुसरीकडे आईंना फोन करून रडगाणं लावायचा, की स्टॉलमध्ये आता राम राहिला नाही, वहिनी उगाच राबतायत.

सीझन संपत आला आणि त्याच्या पोटातलं बाहेर आलं. पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंकवाली एक पार्टी त्याने गाठली होती. ते जागा घेणार, एकरकमी पैसे देणार. कागद आईंच्या नावावर, म्हणून सही आईंची हवी. "एवीतेवी घाट्यातच चाललाय. पुढच्या वर्षी रिन्यू करायचे पैसे कुठून आणायचे? आईने सही केली की सगळे सुटले." मी म्हटलं, आणि मी काय करू? तर म्हणाला, "तुम्ही आराम करा वहिनी. किती वर्षं करणार?"

आराम! माझ्याकडे पेन्शन नाही, मूलबाळ नाही, दुसरं कुठलं काम येत नाही. स्टॉल गेला तर दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला जायचं, एवढाच आराम माझ्या वाट्याला होता. आणि आई सही करणार होत्या. मला दिसत होतं. त्यांच्यासाठी मी तोट्यातला धंदा कवटाळून बसलेली हट्टी सून होते, आणि तो शिकलेला मुलगा.

माझ्याकडे पुरावा म्हणून काही नव्हतं. मोबाइल त्याचा, खातं त्याचं, नाव त्याचं.

अशात एक दिवस स्टॉल आवरताना मी तो स्पीकर पातेल्यात टाकून घरी आणला. चार्जिंग उतरलं होतं, स्टेडियमच्या भिंतीतलं बटण बिघडलं होतं, एवढंच कारण. घरी ओट्यावर लावून ठेवला. आवाजाचं बटण पुसताना माझ्याच बोटाने वाढलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा पीत होत्या आणि ओट्यावरून ठणठणीत आवाजात बाई बोलली, "एकशे वीस रुपये प्राप्त झाले."

आईंच्या हातातून बशी निसटली. "कोण इला गो? पैशे कोण मागता?"

मीही घाबरले. मग डोक्यात प्रकाश पडला. आदल्या दिवशीचं कुणाचं तरी अडकलेलं पेमेंट आत्ता पोचलं होतं. आणि डबा बोलला होता तो लालबागमध्ये, आमच्या ओट्यावर. मी आजवर समजत होते की तो स्टॉलवरच्या स्कॅनरला कुठेतरी जोडलेला आहे, त्यामुळे तिथेच बोलतो. पण त्यात स्वतःचं सिम असतं. त्याला कुठेही न्या, अँटॉप हिलला न्या की कणकवलीला, दिराच्या खात्यात पैसे पडले की तो तिथे बोलणार.

आई डब्याकडे संशयाने बघत होत्या. "ह्या डब्यात बाई आसा काय?"

"आहे," मी म्हटलं. "आणि ती खोटं बोलत नाही."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवणार नाही. मला आनंद झाला. नवरा गेल्यापासून इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता. मी आईंना तिथल्या तिथे सगळं सांगू शकले असते. एखादी शहाणी, मोठ्या मनाची सून असती तर तिने दिराला बाजूला घेतलं असतं, समजावलं असतं. मला ते नको होतं. जितक्या लोकांसमोर मी त्याच्या नावाला हो म्हटलं होतं, तितकी माणसं मला समोर हवी होती.

सीझनची शेवटची मॅच रविवारी दुपारची होती. दिराला मी सांगितलं की स्पीकर बिघडला, बँकेत दिलाय. तो म्हणाला, "बरं झालं, तसाही त्याचा काय उपयोग." मग मी एकदम नरम आवाज काढला. म्हटलं, "भावजी, तुमचंच खरं. आता नाही होत माझ्याच्याने. मॅच झाली की घरी या, शेवटचा हिशेब आईंना तुम्हीच सांगा, आणि सहीचा कागदही घेऊन या." त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून मला त्याची जराही दया आली नाही.

शेजारच्या खोलीतली बाई माझी मैत्रीण. तिला सकाळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "टीव्ही आमच्या घरी नको, तुमच्याकडे लावू. दार उघडं ठेवू." आमच्या चाळीत मॅचच्या दिवशी ज्याच्याकडे दार उघडं त्याच्याकडे माणसं जमतातच. स्पीकर टीव्हीच्या डोक्यावर ठेवला, चार्जिंगला लावला, आवाज फुल.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. मी स्टॉलवर तळत होते. पण मैत्रिणीने ते मला इतक्यांदा सांगितलंय आणि मी इतक्यांदा सांगायला लावलंय की आता मला ते माझंच वाटतं. मॅच सुरू होण्याआधीच डबा बोलायला लागला. पहिल्यांदा सगळे दचकले, मग हसले. हा काय प्रकार म्हणून कुणीतरी विचारलं तेव्हा मैत्रिणीने सांगितलं, "हा वहिनींच्या स्टॉलचा गल्ला आहे. तिथे पैसे पडले की इथे बोलतो." मग लोकांना त्याचाच नाद लागला. विकेट पडली की मैदानावर शांतता आणि आमच्या टीव्हीवर बडबड, कारण हळहळलेला माणूस उठून खायला जातो. ड्रिंक्स ब्रेक झाला की डब्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. डाव संपला तेव्हा तर ती बाई एक वाक्य पूर्ण करून दुसरं सुरू करायच्या आत तिसरं अडकत होतं. एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले. साठ रुपये प्राप्त झाले. तीनशे रुपये प्राप्त झाले. गॅलरीतून लोक ओरडत होते, "काकींचा स्कोअर बघा!"

आई कॉटवर बसून होत्या. सुरुवातीला त्या लसूण सोलत होत्या. मग हात थांबले. पुढे त्यांनी सूप बाजूला सरकवलं, पाय वर घेतले आणि टीव्हीकडे नाही, त्याच्या डोक्यावरच्या डब्याकडे बघत राहिल्या. मैत्रिणीने चहा विचारला तर नको म्हणाल्या.

संध्याकाळी मी आले तेव्हा मैत्रीण जिन्यातच उभी होती. "अगं, बंदच होत नव्हता तो," एवढंच ती कुजबुजली. मी घरात गेले. आई अजून कॉटवरच होत्या. मी तोंड धुतलं, साडी बदलली. माणसं मॅच संपूनही हलली नव्हती. काहींना कळलं होतं, काहींना वास लागला होता.

थोड्या वेळाने दीर स्कूटरवरून आला. हातात केळ्यांचा घड आणि कागदांची पिशवी. दारात एवढी माणसं बघून म्हणाला, "काय, पार्टी चाललीय का?" आणि मला मुद्दाम मोठ्याने, "दमलात ना वहिनी?"

आईंनी त्याला जवळ बसवलं. अगदी शांत आवाजात विचारलं, "रे झिला, आज धंदो कसो झालो?"

एक संधी होती त्याला. तो जर तेव्हा खरं बोलला असता, तर मी तोंडघशी पडले असते. माझी सगळी तयारी वाया गेली असती आणि बहुतेक मला वाईटच वाटलं असतं. पण नाही. तो मान हलवत म्हणाला, "डाऊनच गेला गं आई. शेवटची मॅच, तरी लोकच नाहीत खायला. त्यात निम्मे पेमेंट फेल." आणि पिशवीतून कागद काढून त्याने पेन आईंच्या मांडीवर ठेवलं.

मी मैत्रिणीकडे बघितलं. ती पुढे आली, मोबाइल काढून टीव्हीच्या डोक्यावरचा स्कॅनर टिपला आणि पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हेच नाव ना?"

"हो," मी म्हटलं. "हेच."

तिने बटण दाबलं. दिराच्या शर्टाच्या खिशात मोबाइल टिंग वाजला आणि लगोलग डबा बोलला, "दहा रुपये प्राप्त झाले."

दिराने आधी खिशाकडे बघितलं, मग टीव्हीच्या वर. तो डबा तिथे का आहे, कधीपासून आहे आणि खोलीत एवढी माणसं का बसली आहेत, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटताना मी बघितलं. नजर हलवली नाही मी. गॅलरीतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसणं सगळीकडे पसरलं.

"वहिनी, हे तुम्ही..." तो म्हणाला.

"काय झालं भावजी? हे पेमेंट फेल नाही गेलं वाटतं."

आई म्हणाल्या, "मी दुपारपासून आयकतंय रे." मांडीवरचं पेन उचलून त्यांनी कॉटवर ठेवलं.

मग त्याने जे बोलायचं ते बोलून घेतलं. बदलापूरला फ्लॅट बुक केला होता, हप्ते थकले होते, क्वार्टर रिटायर झाल्यावर सोडावी लागणार, सगळं परत करणारच होता. मी ऐकलं नाही. हप्ते प्रत्येकाचे असतात. केळी तिथेच राहिली आणि तो जिना उतरून गेला. मी ती केळी चाळीत वाटली. हो, वाटली, आणि प्रत्येकाला सांगून वाटली.

त्यानंतरचे काही दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले. मशीनच्या लेखी मी ज्या दोन बायका होते त्या दोघींना घेऊन मी बँकेत गेले, ॲफिडेव्हिट केलं, माझी दोन नावं एक केली. सगळं मिळून एकच आठवडा लागला. ज्याला तो लय झंझट म्हणत होता, ती एवढीच होती. आणि चाळीत दिराला नवं नाव पडलं. तो काहीतरी सामान न्यायला आला तर वरच्या मजल्यावरून कुणीतरी त्या बाईच्या आवाजात हाक मारलीच, "प्राप्त झाले!" पोरंटोरं, म्हातारे, सगळे. किराणावाला सुद्धा. तो यायचाच बंद झाला. पुढे त्याचं नाव निघालं तरी कुणीतरी तसा आवाज काढायचं. मी दर वेळी हसायचे. पोट भरत नव्हतं माझं.

आई संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. त्यांची ती वर्षानुवर्षांची जागा. एक दिवस मी बघितलं तर खुर्ची आत आणलेली. विचारलं तर म्हणाल्या, वारा लागतो. उन्हाळ्यात कसला वारा! मला कळलं होतं, पण मी ते कळून घेतलं नाही.

आणि मग एका सकाळी त्यांनी स्वतःहून जागेचा कागद मागितला. चष्मा लावून, एकेक अक्षर कोरत, माझ्या नावापुढे सही केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "स्टॉल तुझो. तुझ्या हक्काचो. आता माका अँटॉप हिलाक सोड."

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस कसले गो? ऱ्हवाक जातंय मी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "आई, तुम्हाला फसवलं त्याने. तुमच्या सहीने माझ्या तोंडातला घास काढणार होता. त्याच्याकडे राहायला जाणार?"

"मी काय नाय म्हणतंय?" त्या लुगड्यांची घडी करत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "चोर तो. पण झील माझो. तुज्याकडे आता स्टॉल आसा, चाळ आसा, सगळे तुझ्या बाजूचे. त्येच्या घरात बायको त्येच्याशी बोलना नाय. त्येका कोण आसा?" घडी पिशवीत ठेवत म्हणाल्या, "आणि माज्या झिलाक हाक मारूची गंमत माका रोज आयकूची नाय."

मी चिडले. खूप बोलले. मी काय काय केलं तुमचं, आजारपणं काढली, तुमचा मुलगा गेला तेव्हा तुम्हाला धरून कोण बसलं, सगळं बोलले. त्यांनी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. दुपारी मी टॅक्सी आणली.

अँटॉप हिलच्या त्या पिवळ्या इमारतीखाली दीर उभा होता. वाळला होता जरा. माझ्याशी त्याने नजर मिळवली नाही. आईंची पिशवी मी घट्ट धरून ठेवली होती, त्यांना जिना मीच चढवणार होते. आईंनी ती माझ्या हातातून काढून त्याच्याकडे दिली. मग त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि एकेक पायरी चढत गेल्या. वळणावर थांबून त्यांनी खाली बघितलं आणि जेवून घे म्हणून हाताने खूण केली.

स्टॉल आता माझा आहे. गिऱ्हाईक माझं नाव वाचतं, मी हो म्हणते. लोक मला सांगतात की झालं गेलं सोडून द्यावं, धाकटा आहे, पस्तावलाय. पैसे खाल्ले ते मी एक वेळ सोडून देईन. आईला घेऊन गेला, ते नाही.